विझवून घेतलेला लाल दिवा

ती जर्मन सेडान मी घेतली तेव्हा तिला तेरा वर्षं झाली होती. नवी असताना माझ्यासारख्या नोकरदाराने फक्त लांबून बघावी अशी गाडी. आता ती वसई पूर्वेला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती, काळी, आत बदामी चामड्याच्या सीट. बायकोने तिला स्वतः हार घातला. पहिल्या रविवारी आम्ही गिरीजला तिच्या माहेरी गेलो, तेव्हा वाडीत केळींमधल्या अरुंद रस्त्यावरून गाडी आत नेताना मला घाम फुटला होता. सासरे अंगणात उभे राहून हसत होते.

गोखिवऱ्यात एक मेकॅनिक आहे. साठीला टेकलेला, आयुष्यभर अशाच गाड्यांखाली झोपून काम केलेला. त्याला गाडी दाखवली. त्याने दोन तास तपासली आणि वहीचं पान फाडून हातात दिलं. ब्रेक ऑइल, पुढचे पॅड आणि डिस्क, कूलंटचे पाइप, खालचे बुश. शेवटची ओळ होती, ‘एअरबॅगचा दिवा, डावी सीट.’

“हा लाल दिवा सारखा पेटलेला दिसतोय ना, साहेब?” तो म्हणाला. “बाजूच्या सीटखालचा सेन्सर गेलाय. वेळेला ती एअरबॅग उघडेलच असं नाही. पार्ट मागवावा लागेल. पंधरा दिवस गाडी ठेवून जा.”

“एकदम सगळं करायला पाहिजे का?”

“पळायला ही गाडी आजही कमी नाही. थांबते किती, ते आधी बघू.”

मी पान घडी करून पाकिटात ठेवलं. पंधरा दिवस गाडी सोडवेना, हे एक. दुसरं सांगायला लाज वाटते. अशा जुन्या गाड्यावाल्यांचा एक ग्रुप मला फोनवर सापडला होता. रविवारी सकाळी ते हायवेलगतच्या एका धाब्यावर जमत. बॉनेट उघडून एकमेकांच्या गाड्या बघत. कोणी एक्झॉस्ट बदललेला, कोणी इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवलेली. नवं ब्रेक ऑइल घातलंय म्हणून तिथे कोणी कोणाच्या पाठीवर थाप मारत नसे. चाळिशी उलटल्यावर मला कोणी तरी ‘काय गाडी आहे यार’ म्हणत होतं, आणि ते मला फार हवं होतं.

त्यांच्यातल्याच एकाने मला ट्यूनिंगवाला दाखवला. त्याने लॅपटॉप लावून ताकद वाढवली, एक्झॉस्ट बदलला, स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली. काम संपत आलं तेव्हा मी म्हणालो, “हा एक दिवा सारखा डोळ्यात येतो.”

“घालवू?” त्याने विचारलं.

“घालव.”

त्याने चार बटणं दाबली. दिवा गेला. सीटखाली त्याने वाकूनही बघितलं नाही. मीही बघायला सांगितलं नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी बायकोच्या मावसबहिणीचा साखरपुडा ठाण्याला होता. सासऱ्यांना गिरीजहून घेतलं. ते मागे बसले, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. बायको माझ्या शेजारी. खाडीवरचा पूल ओलांडून घोडबंदर रोडला लागलो आणि गायमुखच्या चढावर मी पाय दाबला. गाडी अशी उसळली की बायकोने दाराचं हँडल धरलं.

“हळू रे,” ती म्हणाली.

“बघ तर खरी.”

“बघितलं. आता हळू.”

उतारावरही मी दोन गाड्या मागे टाकल्या. प्रत्येक वळणाला जोरात ब्रेक, पुन्हा वेग, आणि ते जुनंच ब्रेक ऑइल आत तापत होतं. मग एका वळणापलीकडे गाड्या तुंबलेल्या दिसल्या, शेवटी एक टेम्पो उभा. मी ब्रेक दाबला. पेडल मऊ लागलं आणि पायाबरोबर खालीच गेलं. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा थोडा जोर लागला, पण टेम्पो समोर आला होता. मी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. विचार करून नाही, हात आपोआप गेले. त्यामुळे आदळली ती डावी बाजू, तिची बाजू.

माझ्या समोरची एअरबॅग फुगली. तिच्या समोरची फुगली नाही.

तिने उजवा हात पुढे टेकला होता. मनगट मोडलं, कपाळ फुटलं, हनुवटीला सात टाके पडले. सासऱ्यांच्या खांद्याला मुका मार होता. ते रस्त्यावर उभे राहून आपल्या उपरण्याने तिचं कपाळ दाबून धरत होते आणि मलाच विचारत होते, “जावई, तुमाला कुठं लागलं नाय ना?”

मनगटात प्लेट बसवली. भेटायला आलेले सगळे म्हणत, जुन्या गाडीच्या एअरबॅगचा काय भरवसा. मी मान हलवायचो. सासरे एक दिवसाआड शहाळी घेऊन यायचे, लेकीला स्वतः पाजायचे, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. “यात तुमचा काय दोष?” एकदा म्हणाले. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं आणि जिन्यात बराच वेळ बसून राहिलो.

गाडी गोखिवऱ्याला ओढून आणली होती. मेकॅनिकने कॉम्प्युटर लावला, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “दिवा कोणी बंद केला?”

“मी करून घेतला.”

त्याने पडदा मिटला. वायर गुंडाळली आणि हात धुवायला निघून गेला. मला त्याने चार शब्द सुनावायला हवे होते.

त्याच संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती डाव्या हाताने चमचा धरून भात खात होती. यादी, ग्रुप, लॅपटॉप, ‘घालव’ हा शब्द, सगळं सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला.

“तो दिवा मला दिसायचा,” ती म्हणाली. “मी तुला विचारणार होते. मग एक दिवस तो दिसेनासा झाला. मला वाटलं, मी शेजारी बसते म्हणून तू लगेच दुरुस्त करून घेतलास.”

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने उरलेला भात संपवला.

सासऱ्यांना सांगायला तिने मला मनाई केली. “त्यांना तुझा राग धरता येणार नाही. उगाच आजारी पडतील.” म्हणून ते अजूनही माझ्याशी तसेच वागतात, आणि त्यांच्यासमोर जेवायला बसायचं मी टाळतो.

गाडी मी भंगारात दिली. दुसऱ्या कोणाला विकणं जमलं नाही. आता आमच्याकडे एक साधी गाडी आहे. मेकॅनिक सांगतो त्या दिवशी ती गोखिवऱ्याला जाते, पण बायको पुढे बसत नाही. मागे बसते, माझ्या पाठीमागे. मी आरशात बघतो तेव्हा ती बाहेर बघत असते.

मागच्या महिन्यात बँकेने तिचा चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. मनगट पूर्वीसारखं वळत नाही. आम्ही दोघं शाखेत गेलो. तिने सही बदलायच्या फॉर्मवर, नमुन्याच्या चौकटीत नवी सही केली, हळूहळू, एकेक अक्षर ओढत. खाली बदलाचं कारण विचारलं होतं. ती क्षणभर थांबली. मी शेजारीच उभा होतो. मग तिने लिहिलं, ‘अपघात’, आणि कागद खिडकीतून आत सरकवला.