माठासाठी मारलेली थाप

रंगारी सगळ्यांना ठाऊक. भिंती रंगवतो, दारं रंगवतो. पण निळारी म्हटलं की आजकालच्या माणसाला ते नुसतं आडनाव वाटतं. निळारी म्हणजे निळीच्या माठात लुगडी बुडवणारा. त्याच्याकडं रंग एकच. एकदा बुडवलं तर आभाळी, आठदा बुडवलं तर काळंभोर. आमच्या कागलकडच्या गल्लीत धोंडुबाई आक्का अजून दारातनं हाक मारते, "निळारी हाय का घरात?" आणि सत्तरी ओलांडलेला सिकंदर आतनं "व्हय आक्का" म्हणतो. परसात गळ्यापर्यंत पुरलेल्या त्याच्या माठावर पंधरा वर्षं फरशी पडून होती, तरी हाक तीच.

गेल्या डिसेंबरच्या अखेरीला आक्का पिशवी घेऊन आली. आत तिच्या पहिल्या संक्रांतीची सुती चंद्रकळा, विटून राखेगत झालेली.

"राजनंदिनीची लग्नानंतरची पहिली संक्रांत हाय. नातीला हीच नेसवायची. तुझ्या बानं रंगवली हुती, आता तू रंगव."

"आक्का, बाजारात काळ्या साड्यांचा ढीग पडलाय की."

"ढीग दिसाय मी काय आंधळी हाय? रंगवतोस का न्हाय, तेवढं सांग."

सिकंदर "रंगवतो" म्हणून बसला. आणि हा माणूस असला, की खोटं बोलायला गेला तर कान लाल होतात. दिलेला शब्द खोटा पडला असता तर आक्काला त्यानं तोंड दाखवलं नसतं.

फरशी सरकवली. ट्रंकेतली जुनी निळीची वडी काढली. चुना, गूळ, टाकळ्याचं उकडलेलं बी, कोमट पाणी, सगळं बापानं शिकवलेल्या मापानं. वर तांबूस साय धरली, निळा फेस आला की माठ 'आला' म्हणायचं. एरवी चार दिवसांत यायचा. आठ दिवस झाले, गोधड्या पांघरल्या, तरी आत राखाडी पाणीच. संक्रांत पाच दिवसांवर.

त्याचा लेक नौमान पंचतारांकित एमआयडीसीत पावडर कोटिंगला, म्हणजे लोखंडी भागांना रंग चढवायच्या कामाला आहे. तो म्हणाला, "अब्बा, आमच्यात भट्टीत घातलं की वीस मिनटांत रंग पक्का."

"मग घाल की आक्काची चंद्रकळा तुझ्या भट्टीत."

आता निळाऱ्यांची एक रीत आहे. माठ रुसला की गावात मोठी थाप सोडायची. लोकांनी ती खरी मानली की माठ येतो, आणि लुगडं वाळेपर्यंत थाप मोडायची नाही. सिकंदरच्या बापानं एकदा राधानगरीच्या रानात पांढरा गवा दिसल्याचं सांगितलं, तर अर्धं गाव गाड्या जुंपून बघायला गेलं होतं.

सिकंदर चहाच्या गाड्यावर गेला आणि म्हणाला, "हुपरीत इहिरीत चांदी लागली म्हणं."

चहावाला बाळासो त्याच्याकडं बघतच राहिला. "मामू, तुमचं कान सांगत्यात, काय बी लागल्याली न्हाय."

सगळा गाडा हसला. सिकंदर घरी येऊन माठाशेजारी बसला. जेवायलाही उठला नाही. नौमाननं ते बघितलं.

सकाळी ड्यूटीला जाताना नौमान गाड्यावर थांबला. "अब्बाला आमच्या कंपनीनं बोलावलंय. पोरांना रंगाचं काम शिकवायला," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

हे मात्र सगळ्यांना पटलं. दुपारपर्यंत सिकंदरच्या दारात माणसं. कुणी नारळ दिला, बाळासोनं फुकट चहा आणला. सिकंदरलाही खरंच वाटलं. त्यानं दाढी कोरून घेतली, धुतलेली टोपी घातली, चपला पुसून ठेवल्या. नौमान गाडीवरनं उतरतोय तोवर विचारलं, "कवा यायचं म्हणत्यात?"

नौमान खाली बघत म्हणाला, "अब्बा, थाप हुती. माठासाठी."

म्हाताऱ्यानं टोपी काढली, झटकली, खुंटीला अडकवली. म्हणाला, "भली दांडगी मारलीस की रं." मग परसात जाऊन गोधडी उचलली. पाण्यावर तांबूस साय होती आणि कडेला निळा फेस. दोन दिवस ऊन वाढलं होतं म्हणून माठ आला, असं नौमान म्हणतो. असेल.

दुसऱ्या दिवशी नौमाननं रजा टाकली. बापलेकांनी चंद्रकळा बुडवली. बाहेर काढली की हिरवी, वारं लागलं की निळी. आठव्या बुडीला काळीभोर झाली. ती दोरीवर ठिबकत असतानाच आक्का पेढ्याचा पुडा घेऊन आली.

"कंपनीत कवा जाणार?"

सिकंदरनं ओल्या चंद्रकळेकडं बघितलं. कान लाल झाले. "सोमवारी."

"न्ह्याला मोटार येणार?"

"येणार की."

"साधी का एशीवाली?"

"एशी... एशीवालीच," सिकंदर म्हणाला आणि उगाचच चूळ भरायला उठला.

आक्का उन्हात बसून राहिली. मधनंमधनं उठून चंद्रकळेचा पदर चाचपायची. ऊन कलल्यावर म्हणाली, "वाळली रं. आता बोल खरं."

"आक्का! तुला कळलं हुतं?"

"माझं म्हायेर निळाऱ्यांच्या गल्लीला लागून. बातमी ऐकली तवाच म्हटलं, माठ रुसलाय. म्हणून तर चार घरं मीच जास्त हिंडून सांगितलं."

तिनं चंद्रकळेची घडी काखेत मारली आणि कोपरापर्यंत निळ्या झालेल्या नौमानपुढं पुडा धरला.

"घे निळाऱ्या. पेढं तेवढं खरं हाईत."