गंगाच्या दारचा वाढदिवस

गंगावहिनीबद्दल शांतपणे लिहा, असं आमच्या बायकोचं म्हणणं आहे. ते मला जमणार नाही. मी एस.टी.त कंडक्टर होतो. लांज्याच्या गाड्यांवर आयुष्य गेलं, सुट्ट्या पैशांवरून रोज भांडलो. पण ते भांडण उतारू उतरला की संपायचं. हे संपत नाही. शिमगा होऊन गेला, आंबे उतरले, तरी पाणंदीत रघू गावकर दिसला की माझं डोकं भणभणतं.

गंगा माझ्या शेजारची. तिच्या आणि माझ्या घरांच्या मध्ये एक दगडी गडगा आहे, तोही अर्धा पडलेला. नवरा वारला तेव्हा तिचा सागर बालवाडीत होता. तेव्हापासून ती काजूच्या कारखान्यात जाते. काजू फोडताना टरफलातून तेल सुटतं, ते हात जाळतं. कितीही राख चोळा, बोटं काळी होतात ती होतातच. त्या काळ्या बोटांनी तिने मुलगा शिकवला आणि वाडीतल्या प्रत्येक कार्यात वडे थापले. लग्न असो, बारसं असो, बारावं असो, चुलीपाशी गंगा असायचीच. आमच्याकडे कार्य एका घराचं नसतं. टोप वाडीचे, कढया वाडीच्या. बायका पहाटे येऊन पीठ मळतात, पुरुष भाताचं बघतात, आणि मग सगळेच पंगतीला बसतात.

याची सुरुवात बोलावण्याने होते. ज्याच्या घरी कार्य असेल त्या घरचं माणूस आधी वाडीचा मानकरी असलेल्या गावकराच्या दारात जातं, मग घरोघर. हातात अक्षतांची वाटी घ्यायची आणि दारात उभं राहून ‘आमच्याकडे जेवायला या, घरातली सगळी’ एवढं म्हणायचं. बोलावल्याशिवाय सख्खा भाऊ येत नाही, आणि बोलावलं की भांडण असलेलाही येतो. नाही आला तर त्याला गावकीत, म्हणजे वाडीच्या बैठकीत, जाब द्यावा लागतो. ही रीत मला कधी वाईट वाटली नव्हती. आता तिची चीड येते.

सागर ठाण्याला मोबाइलच्या दुकानात आहे. बायको निशिगंधा डोंबिवलीची, समजूतदार मुलगी. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल होईना, तेव्हा गंगाने शिमग्यात देवीच्या पालखीपुढे नवस केला: नातवंड होऊ दे, त्याला माझ्या दारात पालखीखालून काढीन. मागच्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर नातू झाला. एवढ्याशा जिवाला मुंबईहून कसं आणायचं, म्हणून नवस यंदावर राहिला. गंगा वर्षभर दुसरं काही बोललीच नाही. कारखान्यात जाताना तेच, पाणी भरताना तेच. पोराचं नाव रियांश. अर्थ काय म्हणून मी सागरला विचारलं, तर त्याने फोनमध्ये बघितलं आणि मग विषय बदलला. गंगा त्याला बाळ्या म्हणते.

पहिला वाढदिवस गावाला करायचा असं सागरने ठरवलं. माझ्या पडवीत बसून तो खर्च सांगत होता. रत्नागिरीहून फुग्यांची कमान येणार होती, दोन मजली केक, मुलांना उड्या मारायला हवेचा किल्ला, साउंडवाला, आणि केटरर. पनीर, नूडल्स, आइस्क्रीम. दोन महिन्यांचा पगार त्यात गेला होता आणि तो ते हसत सांगत होता.

मी म्हटलं, “सागर, पोराला अजून मऊ भात भरवतात रे. येवढं सगळं कनाला करायचं?”

“काका,” तो म्हणाला, “मी लहान असताना कुणाचंबी कार्य असलं की आई चुलीपाशी आणि मी शेवटच्या पंगतीत. आता वाडीनं माझ्या दारात खुर्चीवर बसून जेवायचं. आईनं त्या दिवशी पिठात हात घालायचा नाय.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. पण त्या पोराने पुढे जे केलं ते मुंबईत राहून डोकं गहाण टाकलेला माणूसच करू शकतो. त्याने बोलावणं फोनवर केलं. एक व्हिडिओ बनवला, त्यात वाघ आणि हत्ती नाचतायत, मध्ये रियांशचा फोटो, खाली तारीख आणि वेळ. तो वाडीच्या ग्रुपवर टाकला आणि मोकळा झाला. वाडीतल्या लोकांनी त्याखाली हात जोडले, केक टाकले, फुलं टाकली. सागरला वाटलं, झालं काम.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी गंगा वाटीत अक्षता घेऊन अंगणात उतरली, ते मी गडग्यावरून बघितलं. सागरने तिला अडवलं.

“आई, दारोदार कुठं फिरतेस? सगळ्यांनी मेसेज बघितलाय. आता जाऊन परत सांगितलंस तर माझंच हसं व्हईल.”

निशिगंधा म्हणाली, “जाऊ दे ना आईंना. त्यांना माहीत आहे इथलं.”

“तू गप्प बस,” सागर म्हणाला.

गंगा पायरीवर थांबली. लेक वर्षातून दोनदा येतो, नातवाला पहिल्यांदा घेऊन आलाय, त्याच्याशी वाद नको, हेच तिच्या मनात असणार. वाटी घेऊन ती आत गेली. मी गडगा ओलांडून जायला हवं होतं वगैरे मी म्हणणार नाही. ते सागरने करायचं होतं. त्याच वाडीचं पाणी पिऊन वाढलेल्याला एवढं कळू नये?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांना पांढरी कापडं नेसवली होती. कमान निळी आणि सोनेरी. किल्ला फुगून डुलत होता. केटररची माणसं टोप्या घालून उभी. आणि खुर्च्यांवर कोण? मी, आमची बायको आणि निशिगंधाच्या माहेरची चार माणसं. वाडीतली दोन पोरं किल्ल्याकडे बघत बांधावर उभी होती, त्यांनाही त्यांच्या आईने हाक मारून नेलं. घरं कुठं लांब नाहीत. पलीकडच्या पडव्यांत माणसं बसलेली आम्हाला दिसत होती, त्यांना आम्ही दिसत होतो. साउंडवाला एकच गाणं पुन्हा पुन्हा लावत होता.

सागरने ग्रुपवर लिहिलं, ‘सर्वांनी लवकर यावे’. त्याखाली परत कुणीतरी हात जोडले.

बराच वेळ गेल्यावर गंगा उठली. अंगावर सुनेने आणलेली नवी साडी होती. तिने अक्षतांची वाटी घेतली आणि या वेळी सागरकडे बघितलंसुद्धा नाही. दिवेलागण झाली होती म्हणून मी बॅटरी घेऊन तिच्याबरोबर निघालो. आधी रघू गावकराच्या दारात. तो पानाला चुना लावत होता.

“अण्णा, आमच्याकडं जेवायला या. घरातली सगळी.”

“आता आलीस?” रघू म्हणाला. “बरं. बघताव.”

मग ठमाकाकीच्या पडवीत. ठमाकाकी म्हणजे वाडीतली सगळ्यांत थोरली बाई, तिच्या नातसुनेच्या ओटीभरणाला गंगाने दोन दिवस राबून वडे केले होते. ती म्हणाली, “येताव गो, व्हय पुढं.” आम्ही एकही घर सोडलं नाही. सगळीकडे तेच: येताव, व्हय पुढं. गंगा प्रत्येक दारात अक्षता ठेवत गेली, आणि मला वाटलं चला, झालं, माणसंच आहेत, येतील.

कुणी आलं नाही. एक माणूस नाही. रियांश आईच्या खांद्यावर झोपून गेला, त्याचा हात धरून सागरने केक कापला. दोन मजली केक त्या उकाड्यात एका बाजूला कलला होता. पनीर आणि नूडल्स सकाळी खड्डा खणून पुरल्या, कारण गुरांनीही तोंड लावलं नाही. वर्षाच्या पोराने या वाडीचं काय घोडं मारलं होतं? बापाचं चुकलं तर बापाला कान धरून विचारा. सगळ्यांसमोर विचारा, मीही दोन शब्द ऐकवले असते. पण अर्ध्या हाकेवरून पोराच्या रिकाम्या अंगणाकडे बघत पान चघळायचं, याला मी मानपान म्हणत नाही. याला दुष्टपणा म्हणतात.

सागर दुसऱ्याच दिवशी बायको-पोराला घेऊन निघाला. गाडीत बसताना आईला म्हणाला, “तू पण चल.” ती म्हणाली, “शिमग्याला बाळ्याला घेऊन ये, येवढं कर.” त्याने काच वर केली.

पण गावकीचं पोट भरलं नव्हतं. काही दिवसांनी रघूने बैठक लावली आणि गंगाला बोलावून घेतलं. गावकराला मान दिला नाही, वाडीचे टोप सोडून भाड्याचा आचारी आणला, रीत मोडली. दंड भरायचा आणि वाडीला जेवण घालायचं, नाहीतर यंदा पालखी तिच्या दाराला जाणार नाही.

हे ऐकून माझा तोल गेला. मी म्हटलं, वाळीत टाकणं गुन्हा आहे, कायदा आहे, उद्या पोलिसांत जातो. गंगानेच माझ्या सदऱ्याची बाही ओढली.

“भावजी, पोलीस आणतील काय पालखी माझ्या दारात? गप्प ऱ्हावा.”

मग ती पुढे झाली. गावकीत बायका मागे उभ्या राहतात, बोलत नाहीत. ती सरळ रघूसमोर जाऊन उभी राहिली.

“अण्णा, एक सांगा. बोलावणं दारात येऊन केलं तरच धरायचं, व्हय ना?”

“व्हय. तीच रीत.”

“आणि दारात बोलावून कोण आलं नाय तर?”

रघू पानाची शीर काढायला लागला.

“मी तुमच्या दारात आली व्हती काय नाय? अक्षता ठेवली काय नाय?”

“उशिरा आलीस.”

“उशिरा आली. पण आली.” ती मागे वळली. “ठमाकाकी, तुज्या नातसुनेच्या वेळी माझ्याकडं रात्री बोलावणं आलं व्हतं, तुला विसर पडला व्हता म्हणून. मी काय म्हटलं तेव्हा? तशीच उठून आली आणि वडे थापले. तू माझ्या दाराला कनाला आली नायस?”

ठमाकाकी पदर सारखा करायला लागली.

“माझ्या लेकाचं चुकलं,” गंगा म्हणाली. “त्याला बोला, मला बोला. पण मी एक घर सोडलं नाय, आणि त्यातनं एक माणूस आलं नाय. मंग रीत कुणी मोडली? दंड कुणी भरायचा ता ठरवा. मी हितंच बसताय.”

आणि ती खरंच तिथे मातीत बसली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणी खाकरलं, कुणी चपला शोधायला लागलं. माणसाला आपली चूक दिसली की तो आधी चपला का शोधतो, हे मला एस.टी.त इतकी वर्षं माणसं बघूनसुद्धा कळलं नव्हतं. शेवटी रघू पुटपुटला, “जाऊ दे आता. पालखी येईल तुज्या दाराला.” माफी कुणी मागितली नाही. तिनेही ती मागायला लावली नाही. तिला पालखी हवी होती.

घरी येऊन तिने माझ्या फोनवरून सागरला लावला. मी स्पीकर चालू करून दिला.

“पालखी येतेय रे. बाळ्याला घेऊन ये.”

“आई, मी त्या गावात पोराला परत आणणार नाय,” सागर म्हणाला. “कुणी विचारलं तर सांग.”

ती त्यानंतर रोज लावत राहिली. कधी निशिगंधा उचलायची. एकदा ती रडत म्हणाली, “आई, मी रोज सांगते. ते ऐकतच नाहीत.” गंगा सुनेवर रागावली नाही. तिने अंगण सारवलं, पायरी रंगवली, बाजारातून पोराच्या मापाचं झबलं आणलं. येईल, म्हणायची. बापावर गेलाय, राग उतरला की येईल.

शिमग्याला पालखी आली. ढोल, ताशे, पुढे निशाण, मागे सगळी वाडी. त्या दिवशी जी माणसं पन्नास पावलं चालून आली नव्हती ती सगळी गंगाच्या अंगणात मावेनात. पालखी नाचली आणि पाटावर टेकली. गंगाने देवीची ओटी भरली, नमस्कार केला आणि पालखीच्या दांडीला धरून उभी राहिली.

रघू घामाघूम होता, खुशीत होता. त्याने हात वर करून ढोल थांबवले.

“गंगे, नवस हाय ना तुजा? आण पोराला. पालखी उचलून धरताव, खालनं काढूया.”

लोक सरकले, दाराकडे वाट करून दिली. सगळे दाराकडे बघत होते. दारात आमची बायको एकटी आरतीचं ताट घेऊन उभी होती.

“पोर नाय आलं,” गंगा म्हणाली.

“नाय आलं म्हंजे?”

“त्याचा बापूस म्हणतो, माझ्या पोराच्या पयल्या वाढदिवसाला ज्या गावातलं माणूस जेवायला आलं नाय, त्या गावात पोराला आणणार नाय.” तिचा आवाज चढला नव्हता, पण अंगणाच्या टोकापर्यंत ऐकू गेला. “अण्णा, तुमी गावकर. ह्याचा दंड मी कुणाकडनं घेऊ?”

रघूने पालखीकडे बघितलं, मग जमिनीकडे. ठमाकाकी डोळे पुसायला लागली, आणि मला तिच्या रडण्याचा इतका राग आला की मी तोंड फिरवलं. गंगाने दांडीवरचा हात काढला आणि बाजूला झाली.

“उचला,” ती म्हणाली. “पुढच्या घरची माणसं थांबलीत.”

भोयांनी पालखी उचलली. ढोलवाल्याने टिपरू हातात घेतलं, पण गंगाच्या अंगणात त्याने ते ढोलाला लावलं नाही.