आजोबांच्या गालावरची माशी

हां, तर माशी. श्राद्धाच्या ताटांमागे मान-सूच्या वडिलांचा जुना फोटो मांडला होता, आणि मान-सूची पाच वर्षांची नात आ-रिन रुमाल फडकावत त्यातल्या गालावरची माशी हाकलत होती. माशी काही उडेना. जवळ जाऊन पाहिलं, तर माशी कुठली, तो म्हातारपणी उगवलेला काळा डाग! पोर घाबरून आईच्या कुशीत शिरली आणि पणजोबांना नमस्कारच करीना.

मान-सू ग्वाक हसला खरा, पण रात्रभर आरशापुढून हलला नाही. वडिलांच्या गालावर एकच माशी होती. याच्या तोंडावर चौदा. आणि फेब्रुवारीत कॉलेजची पोरं गावात येणार होती, म्हाताऱ्यांचे फोटो काढायला. अंत्यविधीत पुढं ठेवतात आणि मग वर्षानुवर्षं श्राद्धाला मांडतात, ते फोटो. आपण भिंतीवरून बघत राहायचं आणि नातीनं रुमाल फडकावायचा? छे!

ऑगस्टात, मिरच्या तोडायच्या ऐन हंगामात, तो बस पकडून तेगू शहरात गेला. कातडीची डॉक्टर त्याच्या मुलीच्या, मिन-जंगच्या, वयाची. भिंगातून एकेक डाग निरखत म्हणाली, "बाबा, लेसर म्हणजे प्रकाशच. तो काळं शोधत जातो. भोवतालची कातडी उजळ असली की बरोबर डागावर उतरतो, डाग तापतो, खपली धरते, गळून पडते. पण तुमचं तोंडच सगळं रापलंय. तो कुणाला धरील?"

"म्हणजे चोर पकडायला पोलीस आला आणि अख्खं गावच चोरांचं निघालं," मान-सू म्हणाला.

"तसंच. दोन-तीन महिने उन्हात जाऊ नका, मग या. आणि हा कानाजवळचा डाग मला वेगळा वाटतोय. त्याचा तुकडा तपासल्याशिवाय त्यावर प्रकाश मारणार नाही."

तपासणीत काही वाईट निघालं नाही. पण ऊन टाळायचं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला कोण सांगणार! मान-सू बायकोची फुलाफुलांची, मानेवर झालर सोडलेली टोपी घालून, तोंडाला पांढरं मलम थापून, पहाटे आणि तिन्हीसांजेला शेतात जाऊ लागला. एकदा त्यानं सहज मान वळवली तर दोन कावळे उडाले. बुजगावणं फुकटात मिळालं, असं तो स्वतःच पारावर सांगत सुटला. भर दुपारी मात्र तो पडवीत बसायचा आणि बायको चम-रे अंगणात मिरच्या वाळत घालायची.

"मिन-जंगचे बाबा," ती एकदा घाम पुसत म्हणाली, "पीक मी काढतेय आणि तोंड तुमचं उजळतंय. फोटोत निदान माझी टोपी तरी दिसू द्या."

नोव्हेंबरात काम झालं. आधी बधिर करायचं मलम, मग डोळ्यांवर झाकणं, मग चट् चट् चट्, तोंडावर कुणी रबर ताणून सोडावं तसं. डुकराचे केस होरपळल्यासारखा वास आला.

"डॉक्टरबाई, काय जळतंय?"

"तुम्हीच, बाबा."

चौदा गोल चिकटपट्ट्या लावून तो गावात उतरला. बसथांब्यावर दल-हो प्यो उभा होता, शाळेपासूनचा सोबती. त्यानं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "काय रे मान-सू, लसूण पेरून वर प्लास्टिक अंथरलंस का तोंडावर?"

"अंथरलंय. वसंतात उगवला तर तुला दोन गड्डे देईन."

दहा दिवस दारू नाही, खपलीला हात लावायचा नाही, ऊन तर नाहीच. मान-सूनं सगळं पाळलं, नाकावरची एक खपली सोडून. तिथं खाज सुटली आणि याच्या नखाला अक्कल नव्हती. तेवढा एक लाल वण राहिला. बाकी तेरा जागा आश्चर्य वाटावं इतक्या स्वच्छ झाल्या. उन्हात गेलात तर पुन्हा येतील, असं डॉक्टरनं बजावलं होतंच.

फेब्रुवारीत म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत फोटोसाठी पडदा लागला. दल-हो सकाळपासूनच दोन वाट्या दारू चढवून आलेला, तोंडावर वीस-बावीस डाग. फोटो निघाला. कॉलेजच्या मुलीनं तो संगणकावर घेतला, टिक् टिक् टिक् केलं, आणि दल-होचं तोंड सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं झालं. मोजून दोन मिनिटं.

मान-सू बघतच राहिला. त्याच्या फोटोला तिनं नाकावरच्या वणापुरतं एकदा टिक् केलं आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं काहीच करायला नको."

खोलीभर हशा उसळला. दल-हो गुडघ्यावर थापा मारत ओरडला, "तीन महिने बायकोची टोपी घातलीस, तोंड भाजून घेतलंस, आणि माझं काम या पोरीनं बोटानं केलं! काय मिळवलंस रे, गाढवा?"

मान-सूनं कोट अंगात चढवला, बटणं लावली आणि म्हणाला, "तुझा फोटो तू मेल्यावर चांगला दिसणार, दल-हो. मला तोवर रोज चम-रेसमोर बसून जेवायचंय. आणि ती काय म्हणते ठाऊक आहे? डागांमुळं इतकी वर्षं तोंड नीट दिसतच नव्हतं, आता कळलं की दोष डागांचा नव्हता."