टोपी काढणारे हवालदार

चौकीत बाईमाणूस आलं की हवालदार आधी डोक्यावरची टोपी काढायचे. टेबलावर उपडी ठेवायचे, कपाळावरचा घाम पुसायचे आणि म्हणायचे, "हं, काढली टोपी. आता मी पोलीस नाही, तुझा थोरला भाऊ. बोल बाई, काय झालं?"

बाई बोलायची, रडायची. हवालदार चहा मागवायचे, स्वतःच्या हातानं बशीत ओतून द्यायचे. मग तिला घेऊन तिच्या घरी जायचे, नवऱ्याला चार शब्द सुनावायचे, तिला आत पाठवायचे आणि चौकीत परत येऊन टोपी डोक्यावर चढवायचे. असा एखादा पोलीस तुम्हीही पाहिला असेल. लोक त्याला देवमाणूस म्हणतात. आमचं गावही म्हणायचं.

साठ सालानंतरची गोष्ट आहे. बोईसर-तारापूरच्या बाजूचं एक गाव. नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. मी तिथल्या दवाखान्यात नर्स होते. दवाखाना आणि चौकी यांच्यामध्ये फक्त मेंदीचं कुंपण होतं. तारापूरकडे मोठं बांधकाम सुरू झालं होतं. रस्त्यानं धूळ उडवत ट्रक जायचे, टपरीवर हिंदी ऐकू यायला लागली होती. पण वाड्यांतून, पानमळ्यांतून चालायचं ते जुन्याच रीतीनं चालत होतं.

हवालदार घाटावरचे. पोटानं सुटलेले, मिशीनं दणकट आणि समुद्राला घाबरणारे. "एवढं पाणी, आणि घोटभर पिता येत नाही. कशाला ठेवलंय देवानं?" असं म्हणायचे. आले तेव्हा सुक्या बोंबलाच्या वासानं नाकाला रुमाल लावायचे. वर्षभरानं बोंबील निखाऱ्यावर किती भाजावेत हे ते मलाच शिकवायला लागले. चौकीच्या मागे त्यांनी वांगी लावली होती. पहिलं वांगं निघालं ते कुंपणावरून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "नर्सबाई, ह्याला घाटावरची चव आहे, बघा."

मारहाण झालेल्या बाया कधी आधी माझ्याकडे यायच्या, कधी त्यांच्याकडे. कुंपणाच्या अलीकडे मी पट्टी बांधायची, पलीकडे ते समजूत घालायचे. शेवटी बाई घरीच जायची.

मंजुळा त्यातलीच. माहेर केळव्याचं, नवऱ्याची इथे भाजीची आणि केळीची वाडी. नवरा भजनात पेटी वाजवायचा. इतका हळू बोलायचा की ऐकायला पुढे वाकावं लागे. चौकीत त्याच्याकडून केळीची फणी यायची. हवालदारांना त्याच्याबद्दल फार आदर. एकदा मला म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे हो. जरा हात सैल आहे, इतकंच."

त्या सैल हाताच्या खुणा मी धूत होते. म्हणून मी गप्प बसले नाही. "हवालदार, त्याच्या हाताच्या खुणा तुम्हाला धुवाव्या लागल्या असत्या तर?"

ते हसले. "बाई, भांड्याला भांडं लागायचंच."

हवालदारांनी मंजुळेला कितीदा तरी घरी पोचवलं. दर वेळी नवरा दारात हात जोडून उभा. "चुकलो, हवालदारसाहेब. तुमी सांगाल तसं." आणि हवालदार समाधानानं परत यायचे.

मग एके दिवशी सकाळी ती आली ती डावा हात उजव्या हातात धरून. मनगटाच्या वरचं हाड मोडलेलं होतं. मी फळी बांधली. ती बांधून झाल्यावर उठली आणि कुंपणाला वळसा घालून चौकीत गेली. मी मागोमाग गेले.

हवालदारांचा हात टोपीकडे गेला.

"काढू नका," मंजुळा म्हणाली.

हवालदारांचा हात तिथेच राहिला.

"टोपी ऱ्हाऊ द्या डोक्यावर. भाव मला दोन हायत केळव्याला. ते पन असाच चा पाजतात, नि असाच परत आनून सोडतात. मला आज भाव नको. पोलीस पायजे."

हवालदार तिच्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला असावा असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. बाजारात आपलं पोर हरवल्यावर माणसाचा होतो तसा झाला होता.

"अग, पण घरातलं भांडण..." ते पुटपुटले.

मी म्हणाले, "शिमग्यात बांधावरून मारामारी झाली. एकाचं बोट मोडलं, तर दुसऱ्याला बेडी घालून पालघरला नेलंत. इथे अख्खा हात मोडलाय."

"ते बांधावरचं, नर्सबाई."

"हाड बांधावरचं वेगळं असतं काय?"

त्यांनी टोपी नीट बसवली, पट्टा आवळला, सायकल काढली. दुपारपर्यंत मंजुळेचा नवरा चौकीत होता.

गाव लोटलं. आधी सासरा आला, मग जातीतली वडीलधारी माणसं आली. निरोप गेला तसे केळव्याहून तिचे दोघे भाऊ आले. मंजुळा बाकावर बसली होती. भावांना पाहून ती उठून उभी राहिली. थोरला तिच्या जवळ न जाता हवालदारांपुढे गेला आणि म्हणाला, "आमची भैन हाय. आमी बगून घेऊ. दाजींना सोडा." मंजुळा पुन्हा खाली बसली.

हवालदार म्हणाले, "नाही सोडणार." त्यांचा आवाज चिरकला होता, पण म्हणाले.

मग तालुक्याहून फौजदारसाहेब जीपनं आले. तरुण, इस्त्रीचे, हसतमुख. सगळं ऐकून हवालदारांना म्हणाले, "नोकरीत म्हातारे झालात, आणि नवराबायकोच्या मध्ये पडता?" मग मंजुळेकडे वळून त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "याला आत टाकला तर तू जाशील कुठे?"

तिनं भावांकडे पाहिलं. धाकटा जमिनीकडे बघत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्या खोलीत राहील." माझी खोली दवाखान्याची होती. साहेबांनी नुसती मान हलवली. "सरकारी जागा आहे ती. उद्या कुणी विचारलं तर?"

"मी हितंच बसेन," मंजुळा म्हणाली.

साहेब हसले. बाहेर उभी असलेली माणसंही हसली.

संध्याकाळी दोन्ही भाऊ तिला मध्ये घेऊन वाडीकडे चालू लागले. नवरा पुढे होता. हवालदार सायकल हातात धरून बऱ्याच अंतरावरून त्यांच्या मागे गेले. परत आले तेव्हा टोपी डोक्यावरच होती. दुसऱ्या दिवशी वाडीतून फणी आली, ती त्यांनी परत पाठवली.

त्यानंतर हवालदारांनी गस्तीचा रस्ता बदलला. दिवेलागणीला ते मंजुळेच्या वाडीवरून जायचे. कुंपणापाशी आले की सायकलची घंटी जोरजोरात वाजवायचे, थांबायचे, खाकरायचे, पुन्हा वाजवायचे. रस्त्यावर कोंबडीसुद्धा आडवी नसायची. पोरं त्यांना "घंटीवाले मामा" म्हणायला लागली. हवालदार ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मंजुळा हात दाखवायला आली तेव्हा मी घंटीचं विचारलं. ती म्हणाली, "घंटी वाजली का तो आत जाऊन पेटी काडून बसतो. ती रात निभते."

"आणि वाजली नाही तर?"

तिनं पदर सारखा केला. "फळी कदी सोडनार?" म्हणाली.

हात बरा झाला, पण किंचित वाकडाच जुळला.

हवालदारांना मी एकदाच म्हणाले, "घंटीनं काय होणार?" ते वांग्यांना पाणी घालत होते. पाठमोरेच म्हणाले, "मला ठाऊक आहे, नर्सबाई. एवढंच हाताशी उरलंय."

पुढच्या पावसाळ्याच्या आधी त्यांची बदली डोंगराकडच्या ठाण्यात झाली. कोणी तक्रार केली, की नेहमीचीच बदली होती, कोण जाणे. ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवली. माझ्यापाशी आले, काही सांगणार होते. कंडक्टरनं बेल मारली. "वांग्यांकडं बघा," एवढंच म्हणाले आणि चढले. त्यानंतर मला ते कधीही दिसले नाहीत.

नवे हवालदार तापाच्या गोळ्या न्यायला आले तेव्हा मी त्यांना त्या वाडीवरून जात जा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "तिकडे काय आहे?" मी सांगितलं. त्यांनी गोळ्या खिशात टाकल्या आणि म्हणाले, "छे! तो तर पेटी काय सुरेख वाजवतो."

त्या संध्याकाळी मीच गेले. माझ्याजवळ सायकल नव्हती, अधिकार नव्हता. वाडीच्या बेड्याशी, बांबूच्या फाटकापाशी, मंजुळा उभी होती, एक हात बांबूवर ठेवून, हवालदारांची सायकल यायची त्या रस्त्याकडे बघत. मला पाहून ती हसली नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. केळीच्या पानांवर अंधार उतरत होता.

घरातून हाक आली, अगदी हळू, मऊ आवाजात. "मंजुळे, दिवा लावायचा ना? ये बघू आत."

ती वळली आणि गेली. दार लागलं. कडी घातल्याचा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला.