आमच्या गणपतीचा जिवंत उंदीर

गेल्या गणपतीत आमच्याकडचा मातीचा उंदीर जिवंत झाला, असं वाडीत अजून सांगतात. परवा गणपतीपुळ्याहून परतणारं एक अनोळखी कुटुंब वाट वाकडी करून आमच्याकडे आलं, देव बसतो ती जागा पाहिली आणि माझ्याही पाया पडलं. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. म्हणून खरं काय घडलं ते लिहितो.

आमच्याकडे घरचा पाट आधी गणपतीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा आणि तोंडावर रुमाल टाकलेली मूर्ती त्याच पाटावरून घरी आणायची, अशी रीत आहे. वडील गेल्यापासून मूर्ती उचलण्याचा मान माझ्या धाकट्या भावाचा, वसंताचा. उंदीर सुटा असतो. तो मी सदऱ्याच्या बाजूच्या खिशात टाकला, रिक्षात बसलो, आणि खालून 'कट्' असा आवाज आला.

घरी उंदराची शोधाशोध सुरू झाली. माझ्या तोंडून निघून गेलं, "वसंताने कारखान्यातून उचललाच नसेल." भावकीतला एक म्हणाला, "मान हवा, पण देवाचं वाहन सांभाळवत नाही!" कारखान्यातले उंदीर संपले होते. वसंता जाताना एवढंच म्हणाला, "विसर्जनाला मूर्ती दुसऱ्या कुणी उचला."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी मात्र प्रवचन केलं. उंदीर म्हणजे लोभ, सारखं कुरतडणारं मन. देव त्यावर बसतो म्हणजे त्याला ताब्यात ठेवतो. यंदा देवाने लोभ दाराबाहेरच ठेवला! माना डोलल्या. माझ्या खिशात मातीचे तुकडे खुळखुळत होते.

पाचव्या दिवशी विसर्जनाची आरती सुरू झाली. वसंता आला, पण दारातच उभा राहिला. मी डोळे मिटून म्हणालो, देवा, आता तूच काय ते कर. डोळे उघडले तर मूर्तीवर टांगलेल्या माटवीतल्या, म्हणजे फळं-पानं बांधलेल्या लाकडी चौकटीतल्या, नारळावरून एक खराखुरा उंदीर उतरत होता. तो पाटावर आला, बरोबर त्या रिकाम्या जागी बसला आणि मोदक खाऊ लागला. झांजांचा जोर दुप्पट झाला. वसंताची बायको मला म्हणाली, "भावोजी, तुमचा लोभ परत आला हो!"

मला राहवलं नाही. मी ओरडलो, "वसंताचा काही दोष नाही! उंदरावर मी बसलो होतो!" त्या गजरात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. ऐकलं फक्त वसंताने, कारण तोवर तो उंदीर बघायला पुढे आला होता. आधी त्याने ओठ आवळले, मग त्याचे खांदे हलू लागले. हसता हसता म्हणाला, "दादा, आता गप्प राहा. लोक नमस्कार करतायत."

मूर्ती त्यानेच उचलली. समुद्रात मी खिशातले तुकडे सोडले.

तो उंदीर वासाने आला की कुणी पाठवला, मला ठाऊक नाही. लोभाचा अर्थ मी आयुष्यभर इतरांना सांगितला. माझा लोभ चांगलं म्हणवून घेण्याचा होता, हे देवाने एका मोदकात दाखवलं. हे लिहिलेलं यंदा आरतीआधी सगळ्यांसमोर वाचणार आहे. वसंताला सांगितलं, तर त्याने कारखान्यात दोन उंदीर सांगून ठेवले.

"एक देवाला," म्हणाला, "आणि एक तुम्हाला बसायला."