मनकर्णाबाईची रिकामी रेती

"एवढी रेती रिकामी काऊन ठेवली, मनकर्णा?"

"रिकामी कुठी हाये, वारलूभाऊ? कासवायचे अंडे हायेत तिथी."

"मंग खाऊन टाक ना!"

"तुमाले जेवाले बोलावलं नाई म्हून राग आला का जी?"

वारलूभाऊ हसला नाही. ढिवरांचा, म्हणजे नदीवरच्या मासेमारांचा, तो पंच. पाणी उतरलं की वैनगंगेची उघडी पडलेली रेती त्यानं घरोघर वाटून द्यायची, आणि ज्यानं डांगराचे, म्हणजे टरबुजाचे, वेल न लावता आपला वाटा पडीत टाकला, त्याचा वाटा पुढच्या साली दुसऱ्याला, हा रिवाज. सारा मुलूख चांदा जिल्ह्यात होता तेव्हाची ही गोष्ट. नवरा मेला तसं मनकर्णाबाईचं जाळं भासऱ्यानं, थोरल्या दिरानं, नेलं. तिच्या हाती राहिली ती ही डांगरवाडी. तीही गेली असती तर लोकांच्या धानाच्या बांधीत रोवण्याला वाकणं आलं.

थंडीत गुणवंतराव गुरुजी चौथीची पोरं घेऊन नदीवर आले होते. कोल्ह्यानं उकरलेलं घरटं आणि पांगलेली टरफलं पाहून सोमारी नावाची पोरगी गुरुजींना न विचारताच म्हणाली, "बाई, आमी राखू का हे?"

मनकर्णाबाईला कासवांची माया नव्हती. अंडी तिनंही पोटभर खाल्ली होती. पण अंड्याच्या वासानं आलेला कोल्हा परतताना डांगरं फोडून जातो, हा तिचा दरसालचा ताप. पोट्टे फुकट राखणीला येत असतील, तर नाही कोण म्हणेल? तिनं वेलांच्या एका रांगेची जागा घरट्यांसाठी सोडून दिली. पोरं रोज शाळेआधी येत. कासव चढल्याचा माग दिसला की घरट्यावर बोराटीच्या काट्या रचत आणि फांदीनं माग पुसून टाकत.

"पोट्ट्यायचा खेळ पंचायतीत चालत नाई," म्हणत वारलूभाऊ थेट त्या रेतीकडे निघाला.

"आजा, पाय नोका ठेवू!" राखणीला आलेली पोरं एकदम ओरडली. पंचाचा पाय अधांतरीच राहिला.

"मांगं ठेवा, भाऊ," मनकर्णाबाई म्हणाली. "अन् सांगा, तुमच्या वाडीत कोला येते का नाई?"

"रोजच फोडून राह्यला."

"माह्या वाडीत त्यानं फोडलेलं एक डांगर दाखवा. वाटा आत्ताच सोडतो मी."

वारलूभाऊ खरंच वाकला. एकेक पान उचलून पाहू लागला. शेवटच्या वेलाखाली अर्धं खाल्लेलं डांगर निघालं.

"आता बोल!"

ती डांगराकडे पाहून राहिली. मग तिनं पोरांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. सोमारीच्या हनुवटीला बी चिकटलेली.

"हे दोन पायाचे कोले हायेत, भाऊ. माह्ये पाळलेले."

आता मात्र वारलूभाऊ खोकला येईस्तोवर हसला. "वाटा तुलेच," तो डोळे पुसत म्हणाला. "पन उद्यापासून हे कोले माह्या वाडीतबी बोराटी लावतीन."

"लावतीन. खाऊ तुमी घालायचा. माह्याकडचा सरला."

पोरं तेव्हाच त्याच्या मागे लागली. मनकर्णाबाईनं पदर खोचला, घडा उचलला आणि पाण्याकडे निघाली. मागच्या रांगेच्या वेलांना अजून पाणी पडलं नव्हतं.