चार माणसं घेऊन या

माझा संसार सहा वर्षं टिकला, आणि त्यातली चार वर्षं तो गोठ्यामुळं टिकला. हे सांगितलं की माणसं हसतात. हसू द्यात, मला आता कुणाच्या हसण्याचं काही वाटत नाही.

लग्न होऊन मी कर्जतच्या बाजूला एका वस्तीवर गेले. घरात आधीच सात माणसं. सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची दोन पोरं आणि माझा नवरा. माणसं वाईट नव्हती. पोरबाळ झालं नाही म्हणून मला कुणी टोचून बोललं नाही, उगाच खोटं कशाला बोलू? पण घरात नवऱ्याशी बोलायचं म्हणजे पंचाईत. सासऱ्यांसमोर त्यानं माझ्याशी बोलायचं नाही, दिरासमोर मी त्याच्याशी बोलायचं नाही, आणि सासूसमोर दोघंही बोललो तर जाऊबाई गालात हसणार. दिवसभरात आमचं बोलणं म्हणजे 'पाणी दे' आणि 'ताट वाढलंय'.

पण दावणीला सहा गाई होत्या, आणि दूध आम्ही दोघं काढायचो. पहाटे पाचला. एका गाईखाली तो, शेजारच्या गाईखाली मी, पाठीला पाठ. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच मोकळं बोलता येत असेल. कुणाचं काय चुकलं, माझ्या आईचा गुडघा कसा आहे, पुढच्या वर्षी कांदा करायचा की मका, सगळं तिथं ठरायचं. आदल्या दिवशी कितीही वाजलेलं असो, गाय काही तुमचा रुसवा बघत नाही. कास भरली की बसावंच लागतं. आणि बसलं की दुसऱ्या गाईपर्यंत कुणीतरी तोंड उघडायचंच. बहुतेक वेळा तोच. "लई राग आलाय व्हय?" एवढंच म्हणायचा. मी दोन-चार धारा बादलीत जोरात मारायचे, आणि मग बोलायला लागायचे ते सहावी गाय होईपर्यंत थांबायचे नाही.

हल्ली मोबाईलवर बायका सांगत असतात, नातं टिकवायचं तर विश्वास पाहिजे, अमुक पाहिजे, तमुक पाहिजे. असेल बाई. मला विचाराल तर दोघांना रोज तासभर एका जागी खिळवून ठेवणारं काम पाहिजे. प्रेम आमच्यात होतंच की, पण त्याला बसायला जागा लागते.

मग दूध काढायचं मशीन आलं. सासूबाईंनी माझी पाठ दुखते म्हणून हट्टानं आणायला लावलं. चांगल्या मनानं म्हणाल्या, "आता तू सहापत्तुर नीज गं, त्यो एकटा आवरतो." मला काय आनंद झाला होता! पहिले आठ दिवस मी गोधडीत पडून मशीनची घरघर ऐकायचे आणि स्वतःला राणी समजायचे. महिन्याभरानं लक्षात आलं की आपण नवऱ्याशी बोललोच नाही. एकदा मुद्दाम उठून गोठ्यात गेले, तर मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना. तो ओरडून म्हणाला, "काय पायजे का?" मी म्हटलं, काही नाही, आणि परत आले.

दोन वर्षं अशीच गेली. या दोन वर्षांत मनात जे साठलं ते एका कालवडीवरून बाहेर आलं. ती कालवड मी वाढवली होती. तिची आई व्याली आणि मेली, तेव्हापासून बाटलीनं दूध पाजून. माझ्या आवाजावर मान वळवायची. एक दिवस दुपारी बघते तर दावं रिकामं. शेजारीण म्हणाली, "अगं, काष्टीच्या बाजारात नेली न्हाई का सकाळी? तुला ठावं न्हाई?" सासऱ्यांनी ठरवलं होतं आणि माझ्या नवऱ्यानं टेम्पोत चढवून दिली होती. विकली याचं मला तेवढं दुःख नव्हतं, शेतकऱ्याच्या घरी जनावर विकतातच. पण शेजारणीला माहीत आणि मला नाही! गोठ्यात बसत होतो तेव्हा असं झालं नसतं. तेव्हा त्यानं चार दिवस आधी सांगितलं असतं, मी चार दिवस भांडले असते आणि पाचव्या दिवशी मीच तिला कुंकू लावून पाठवली असती.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं. सासरे बसलेले, दीर बसलेले, मला काही सुचत नव्हतं. नवरा एवढंच म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीवरनं?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरली आणि एसटीनं माहेरी निघून आले. माझं माहेर श्रीगोंद्याकडं, दोन तासांवर. कुणी अडवलं नाही. सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, "आपल्या पायानं चालली, आपल्या पायानं येईल."

आमच्याकडं याची एक रीत आहे. मुलगी रुसून माहेरी आली की तिनं आपल्या पायानं परत जायचं नसतं. सासरची चार माणसं न्यायला आली पाहिजेत. त्यांनी बसायचं, चहा घ्यायचा, मुलीच्या बापाला दोन शब्द गोड बोलायचे. मग बापानं थोडं ताणायचं, आईनं डोळे पुसायचे आणि साडी-चोळी करून लेकीला लावून द्यायची. अशी गेली तर तिचा मान राहतो. एकटीच पिशवी घेऊन परत गेली तर उद्या घराबाहेर काढली तरी कुत्रं विचारत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणापासून आत्यांचं, मावश्यांचं बघत आले होते.

पहिल्या आठवड्यात त्याचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. म्हटलं, फोनवर काय बोलायचं, यायचं तर ये. मग फोन थांबले. मी मेसेज लिहायचे आणि पुसायचे. रोज त्याचा फोटो उघडून बघायचे, बदललाय का. नव्हता बदलला. आमच्या लग्नातलाच होता, नुसती मला कापून काढलेली, पण ती आधीपासूनच.

महिना झाला आणि एका दुपारी तो आला. हे मी फार थोड्या जणांना सांगितलंय, म्हणून नीट सांगते. कांदा काढणी चालली होती, वडील आणि भाऊ रानात होते. घरी मी आणि आई. गाडीचा आवाज आला, मी दारात आले तर तो अंगणात उभा. एकटाच. गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसत होता. आईनं तांब्या दिला, तो पाणी प्यायला, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "चल."

मी दाराची चौकट धरली. तो म्हणाला, "आबांना सांगून न्हाई आलो. चल, बस गाडीवर. घरचं मी बघतो."

आज मला वाटतं, तो माणूस त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बापाला न विचारता काहीतरी करत होता. पण त्या वेळी मला एवढंच दिसलं की हा एकटा आलाय. चोरून आलाय. माझी किंमत चोरून न्यायची आहे. मी म्हटलं, "अशी नाही यायची मी. चार माणसं घेऊन या."

"मी आलोय की," तो म्हणाला. "मी मानूस न्हाई व्हय?"

"तुम्ही एकटे नेणार, उद्या एकटेच आणून सोडणार. चार माणसं घेऊन या."

त्यानं हातातला तांब्या ओट्यावर ठेवला. गाडीला किक मारली, पहिल्यांदा लागली नाही, दुसऱ्यांदा लागली. त्या दोन किकांच्या मधे मी काही बोलले असते तरी चाललं असतं.

आई म्हणाली, "बरं केलंस." संध्याकाळी वडिलांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "शाब्बास, माझी लेक शोभतीस." आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. हे खरं सांगते. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग वाट बघणं सुरू झालं. आज येतील, या आठवड्यात येतील, सण झाला की येतील. वडिलांनी ओटा सारवून घेतला, आईनं नवे कप आणले. तो मला जेवढा समजला होता त्याहून जास्त मी त्याच्या घरच्यांना ओळखत होते. आबा कुणाच्या दारात पाऊल टाकणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी अडून बसले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ माझाच.

चार महिन्यांनी ती चार माणसं आली. पांढरी गाडी रस्त्याला थांबली, त्यातून दीर उतरले, त्यांच्या मागं दिरांचे दोन चुलते आणि गावचे एक पुढारी. भावानं आत येऊन सांगितलं, "आले गं!" मी इस्त्रीची साडी नेसले. बॅग पलंगाखाली होती, ती ओढून घेतली आणि पाच मिनिटांत भरली. आईनं माझ्या कपाळावर कुंकू नीट केलं. चहा मीच नेला, डोक्यावर पदर घेऊन. दीर कपाकडं बघत होते, माझ्याकडं नाही.

चहा झाला आणि पुढारी म्हणाले, "आता दोघांचंबी वय हाय. उगा अडकवून ठेवण्यात अर्थ न्हाई. राजीखुशीनं फारकत करून टाकू."

मी आतल्या खोलीत भरलेल्या बॅगेवर बसून ऐकलं. वडील ओरडले, भाऊ अंगावर गेला, पुन्हा सगळे खाली बसले आणि कागद कसा करायचा यावर बोलायला लागले. मला कुणी बाहेर बोलावलं नाही. त्यालाही बहुतेक कुणी विचारलं नसणार. मला मात्र त्याला विचारता आलं असतं. फोन माझ्या हातात होता, नंबर पाठ होता. पण म्हटलं, माणसं पाठवलीस ना? मग आता तूच फोन कर. ती बॅग आठ दिवस कुणी उघडली नाही.

कोर्टात समजूत घालायला एक बाई होत्या, त्यांनी आम्हाला दोघांना एका खोलीत बसवलं. म्हणाल्या, दहा मिनिटं बोला, मग सांगा. आम्ही समोरासमोर बसलो. तो बारीक झाला होता. मी मनात म्हणत होते, म्हण, एकदा 'लई राग आलाय व्हय' म्हण, मी आत्ता उठून येते. तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. काय म्हणत होता मनात, देव जाणे. बाई परत आल्या आणि आम्ही दोघांनीही नकाराची मान हलवली.

मोडल्यावर काय करावं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. एक मावशी म्हणाली, देवाचं कर. भावजय म्हणाली, दुसरं बघू. मी सहा महिने काहीच केलं नाही. केस विंचरत नव्हते, कुणी बोललं तर खेकसत होते, पहाटे पाचला डोळे उघडायचे आणि हात आपोआप दूध काढताना वळतात तसे वळायचे. वडिलांचा तर मला इतका राग यायचा की ताट वाढताना आपटायचे. शेवटी आईच एकदा म्हणाली, "दुसऱ्यावर आपटून उपेग न्हाई, बाय." मग मी नगरला आले, एका खाजगी दवाखान्यात केसपेपर लिहायला लागले. बारावीपर्यंत शिकले होते, अक्षर चांगलं होतं. काम केल्यानं दुःख जातं वगैरे काही नाही. दिवस जातो, एवढंच.

लोक विचारतात तेव्हा मी सांगते, न्यायलाच आला नाही हो. आई शेजारी असली तर ती खाली बघते.

गेल्या हिवाळ्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, खिडकीसमोर एक माणूस आला. माझ्या तोंडावर मास्क होता. तो म्हणाला, "ताई, केसपेपर हितंच काढायचा ना? तुमी लिहून द्याल का?"

आवाजानंच माझी मान खाली गेली. सहा वर्षं त्यानं मला 'तू' म्हटलं होतं. मागं बाकावर एक बाई बसली होती, माझ्याहून लहान, पोटावर हात ठेवून. सातवा-आठवा महिना असेल.

मी पेन उचललं. "पेशंटचं नाव?"

त्यानं आधी तिचं नाव सांगितलं. मग त्याचं स्वतःचं, मग आडनाव. ही शेवटची दोन मी कितीतरी कागदांवर माझ्या नावापुढं लिहिली होती. हात बरोबर चालला. वय सांगितलं, लिहिलं. मग पत्त्याची ओळ आली. मी गाव लिहिलं, वस्तीचं नाव लिहिलं, तालुका लिहिला, आणि लिहून झाल्यावर ध्यानात आलं की त्यानं अजून पत्ता सांगितलेलाच नाही.

तो कागदाकडं बघत होता. मग माझ्या हाताकडं. मग वर. टॉवेलचं टोक त्यानं मुठीत धरलं आणि काचेजवळ वाकून अगदी हळू, मागं ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "बरी हायेस का?"

मास्क खाली करायला किती वेळ लागतो? मी कागद खिडकीतून बाहेर सरकवला आणि म्हटलं, "पुढचा नंबर."

त्याच्या मागं कुणीच उभं नव्हतं.